न जेवणारी बाई

रात्री दिवा मालवण्याआधी वच्छलाबाई पिठाचा डबा उघडायच्या. हाताच्या कडेनं पीठ सारखं करायच्या, उजव्या हाताची पाचही बोटं त्यावर अलगद दाबायच्या आणि झाकण लावायच्या. सकाळी उठल्यावर तोंड धुवायच्याही आधी झाकण काढून बघायच्या. ठसा तसाच असला की मग त्यांचा दिवस सुरू व्हायचा.

मुलगा यशपाल पुण्याला गेल्यापासून घरात त्या एकट्याच होत्या. शेजारच्या म्हाताऱ्या नागूबाईंनी एकदा विचारलंही, "वच्छे, कडी आतनं लावतीस. मग पीठ कोण चोरणार ग तुजं?"

"कुणी चोरत न्हाय."

"मग बघतीस कशाला?"

"चोरत न्हाय हे कळाय नको व्हय?"

नागूबाई हसत आपल्या ओट्यावर जाऊन बसल्या होत्या.

वच्छला तळभंडारे या बाईंचा हा स्वभाव जन्माचा नव्हता. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या एका कारखान्यात त्या पंधरा-सोळा वर्षं टॉवेलच्या कडा शिवत होत्या. सुट्टी झाली की फाटकाशी बायकांची रांग लागायची. एक गार्डबाई प्रत्येकीची पिशवी उलटी करायची, जेवणाचा रिकामा डबा उघडून बघायची, पदर झटकायला लावायची. वच्छलाबाईंनी कधी कुणाचा धागासुद्धा उचलला नव्हता. पण आपण चोर नाही हे रोज संध्याकाळी दाखवूनच घरी यायचं, हे हाडात उतरत जातं. जी नजर रोज आपल्या अंगावरून फिरते ती हळूहळू आपलीच होऊन बसते. वच्छलाबाई भाजीवाल्याच्या तराजूखाली वाकून बघायच्या, दुधात बोट बुडवून बघायच्या, आणि कुणी विनाकारण गोड बोललं तर दोन पावलं मागं सरायच्या.

दिवाळीची सुट्टी संपवून त्या कामावर गेल्या तेव्हा फाटकाला कुलूप होतं. आत गार्डबाईसुद्धा नव्हती. बायका दुपारपर्यंत उन्हात उभ्या राहिल्या, मग एकेक करून टमटममध्ये बसून सोलापूरला परतल्या. त्या दिवशी पहिल्यांदा कुणी त्यांचा डबा उघडून बघितला नाही. वच्छलाबाईंना ते घरी पोचेपर्यंत खुपत राहिलं.

यशपालचा फोन आला. "आई, आता तिथं काय राहिलंय? पुण्याला ये. दोन खोल्या आहेत आपल्या. एक कोपरा तुझाच."

कोपरा हा शब्द त्यानं मायेनं वापरला होता. वच्छलाबाईंनी तो उलटून पालटून बघितला. सून प्रतीक्षा चांगली होती, हेही खरं होतं. पण ज्या बाईनं स्वतःच्या कमाईवर मुलगा शिकवला, घरावर पत्रे घातले, तिनं आता पन्नाशीत कोपऱ्यात बसून घड्याळाकडं बघायचं, हे त्यांना मानवेना.

"वर्ष तरी संपू दे," त्या म्हणाल्या.

"मग एक तारखेला येतो न्यायला."

"एक तारखेला नगं. गड्डा बघून येते. संक्रांतीनंतर बघू."

सिद्धेश्वराची यात्रा म्हणजे सोलापूरकरांचा गड्डा. तो जानेवारीच्या मध्यावर भरतो. वच्छलाबाई काही दरवर्षी गड्ड्याला जात नसत. पण त्यांनी स्वतःलाच एक मुदत घालून घेतली होती. गड्डा उठेपर्यंत पोटापाण्याचं काही उभं राहिलं तर सोलापुरात राहायचं. नाही राहिलं तर पुण्याचा कोपरा.

त्यांना एक गोष्ट येत होती. कडक भाकरी. ज्वारीची, पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी. कारखान्यात डबा उघडला की बायका त्यांच्या भाकरीचे तुकडे मागून घ्यायच्या. कुंभार वेशीत वीरभद्रप्पांचं दुकान होतं. शेंगाचटणी, पापड, कडक भाकरी असला माल ते ठेवायचे आणि दरवर्षी गड्ड्यात स्टॉल लावायचे. त्यांना भाकरी पुरवणाऱ्या बाईनं त्या वर्षी काम सोडलं होतं. डिसेंबरच्या शेवटी वच्छलाबाई चार भाकऱ्या फडक्यात बांधून त्यांच्याकडं गेल्या. वीरभद्रप्पांनी एक भाकरी कानाजवळ नेऊन मोडली. आवाज ऐकला. मग तुकडा तोंडात टाकला.

"चांगली हाय. पाच-पाचची तीनशे पाकिटं लागतील गड्ड्याला. चाललं तर पुढं दर आठवड्याला घेईन. पर एकटीला जमंल का?"

"जमंल की," वच्छलाबाई म्हणाल्या. आणि बाहेर पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की नाही जमणार. भाकरी थापणारे हात एकीचे लागतात आणि विस्तवापाशी बसणारे दुसरीचे. थापणारीनं तव्याकडं बघितलं तर भाकरी जाड होते, आणि तव्याकडं नाही बघितलं तर करपते.

एक जानेवारीच्या सकाळी सोलापूरच्या बुधवार पेठेतली वच्छलाबाईंची गल्ली रिकामी होती. निम्मी माणसं मानवंदनेला भीमा कोरेगावला गेली होती. वच्छलाबाई दारात ज्वारी निवडत बसल्या होत्या. तेव्हा चंद्रिका आली.

ही बाई त्यांना तोंडओळखीची होती. त्याच कारखान्यात पॅकिंगला असायची. चाळिशीच्या आतली, बारीक, अक्कलकोटकडच्या कुठल्याशा गावची. मराठी बोलताना मध्येच अडून कानडीत विचार करून घ्यायची. गळ्यात लिंगायतांचं लिंग होतं. पदराचं टोक दातात धरायची तिला सवय होती, त्यामुळं ती नेहमी काहीतरी लपवत असल्यासारखी दिसायची.

"आक्का, भाकरीचं काम निघालंय म्हणं. मी येऊ?"

"कुणी सांगितलं तुला?"

"वीरभद्रप्पांनी. आमच्याच गावाकडले की ते."

वच्छलाबाईंचा हात सुपात थांबला. "तुमच्याच गावाकडले. मग कुंभार वेशीत बायका घरोघर भाकऱ्या करतेत. तितं का न्हाय गेलीस?"

"तितं नको."

"का?"

"नको आक्का."

"आणि हितं काय मिळंल ते न्हाय विचारलंस."

"तुमी द्याल ते."

जी बाई मोलाची बोलणी करत नाही ती दुसऱ्याच कशासाठी तरी आलेली असते, असा वच्छलाबाईंचा हिशेब होता. पण गड्डा तोंडावर आला होता. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "ये. विस्तवापाशी बस. बघू."

चंद्रिका विस्तवापाशी बसली आणि वच्छलाबाईंना मनातल्या मनात का होईना, कबूल करावं लागलं. तिला आच कळत होती. वच्छलाबाई गरम पाण्यात मळलेला उंडा परातीत फिरवत, थापत, तळव्याएवढी भाकरी ताटाएवढी करत आणि अलगद तिच्याकडं सरकवत. चंद्रिका ती तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायची, उलटायची, फडक्यानं दाबायची, आणि मग शेगडीच्या कडेनं उभी करून ठेवायची. मंद धगीवर भाकऱ्या गोल करून उभ्या राहिल्या की खोलीत भाजल्या ज्वारीचा वास भरायचा. ओल सरत आली की त्या बारीक आवाज करायच्या, कुणी दुरून बोटं मोडावीत तसा. त्या आवाजावर कान ठेवून चंद्रिका एकेक भाकरी फिरवायची. दोघींचे हात एकमेकांना ओळखायला लागले होते.

बारा वाजले. वच्छलाबाईंनी पिठलं केलं होतं. दोन ताटं मांडली.

"मला नको आक्का. उपास हाय."

दुसऱ्या दिवशीही उपासच होता. तिसऱ्या दिवशी पोट बरं नव्हतं. चौथ्या दिवशी ती म्हणाली, घरी जाऊन जेवून येते. कुंभार वेशीजवळची तिची भाड्याची खोली काही पलीकडं नव्हती. जाऊन यायला तास गेला आणि त्या तासात शेगडी रिकामी जळत राहिली.

चहा मात्र ती घ्यायची. भिंतीकडं तोंड करून, बशीतून. पण वच्छलाबाई चहानं फसणाऱ्यातल्या नव्हत्या. चहाला आता कुणी काही मानत नाही. टपरीवर, ऑफिसात, एसटी स्टँडवर सगळेच सगळ्यांचा चहा पितात आणि वर आपण किती सुधारलो म्हणतात. माणसाचं खरं कळतं ते ताटावर. त्यांच्या लहानपणी गावात ज्या घरची माणसं दारात उभं राहून गोड बोलायची, तीच माणसं लग्नात शिधा वेगळा मागून घ्यायची. पोटाचं कारण सांगून, उपासाचं कारण सांगून. तोंडावर कुणीच काही बोलत नसे.

नागूबाई भिंतीपलीकडून सगळं ऐकत असत. "काय ग, आज कशाचा उपास तिचा?"

"शुक्रवारचा."

"आठवड्याला सात उपास. देव सुदीक वैतागला असंल की, ही बया रोजच दारात म्हणून."

वच्छलाबाई हसल्या, पण त्यांनी परीक्षा घ्यायचं ठरवलं. चंद्रिकाच्या गळ्यात लिंग आहे. आपल्या घरात सुकट, मटण शिजतं, म्हणून असेल. त्यांनी सुकटीचा डबा नागूबाईंकडं ठेवायला दिला. शेगडी, तवा, परात राखेनं घासली. त्या संध्याकाळी बाजारात जाऊन एक नवं स्टीलचं ताट आणलं आणि त्याच्यावरचा कागदी शिक्का मुद्दाम तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या नव्या ताटात नुसता वरणभात आणि भाकरी वाढली. चंद्रिकानं ताटाकडं बघितलं. शिक्क्याकडंही बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं, पण धूरही होता.

"उद्या जेवते आक्का," ती म्हणाली आणि उठली.

ते ताट वच्छलाबाईंनी धुतलं नाही, कारण ते उष्टं झालंच नव्हतं. त्या नंतर कितीतरी वेळ परातीतलं पीठ मळत बसल्या. इतकं मळलं की ते हाताला चिकटायला लागलं.

आणखी एक गोष्ट होती. संध्याकाळी जाताना चंद्रिका मोडलेल्या भाकऱ्यांचे तुकडे पिशवीत भरून न्यायची. आधी विचारून न्यायची, मग न विचारता.

"हितं खाईना आणि तुकडं कशाला नेती?" नागूबाईंनी विचारलं. "घरमालकाची म्हस हाय का तितं?"

"असंल."

"मग म्हशीला घालत असंल."

नागूबाईंनी ते सहज म्हटलं. वच्छलाबाईंना मात्र त्या रात्री झोप लागली नाही. आपल्या हातची भाकरी म्हशीला चालते आणि हिला चालत नाही. सकाळी पिठावरचा ठसा त्यांनी दोनदा बघितला.

तिला काढून टाकावं तर दुसरी मिळणार नव्हती. गड्डा चार दिवसांवर होता आणि दोनशेच्या वर पाकिटं भरून झाली होती. म्हणून त्या गप्प राहिल्या आणि नजर ठेवत राहिल्या.

त्या दिवशी पहिला माल घेऊन त्या वीरभद्रप्पांकडं गेल्या. गल्ल्याशेजारी चिकटपट्ट्यांचं भेंडोळं पडलं होतं. पिवळ्या कागदावर लाल अक्षरं. 'चंद्रिका घरगुती कडक भाकरी.' खाली दुकानाचा पत्ता.

"हे काय आप्पा?"

"लेबल. आजच आलं छापून. नाव लागतंय की काहीतरी."

"माजं नाव न्हाय व्हय चाललं?"

"तसं काय न्हाय. चंद्रिका नाव कसं गोड हाय. चंद्रासारखी भाकरी." वीरभद्रप्पा हसले. वच्छलाबाई हसल्या नाहीत, तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा ताई, मी तुमच्या हातचं हितं उभा राहून खाल्लं का न्हाय? मी मानत न्हाय काही. पर गड्ड्याला गावोगावचं गिऱ्हाईक येतंय. त्याच्या मनात काय असतंय ते मला कसं कळणार? उगी मनाला लावून घिऊ नका."

वच्छलाबाईंनी एक लेबल सोडवून मुठीत धरलं आणि पायऱ्या उतरल्या. आता सगळं जुळत होतं. वीरभद्रप्पा आणि ही एकाच गावाकडले. त्यांनीच हिला पाठवलं. हिनं मोल ठरवलं नाही, कारण हिला रोजाचं पडलंच नव्हतं. माझं काम शिकून घ्यायचं, गड्ड्याला नाव हिचं लागलं की पुढच्या आठवड्यापासून भाकरी हिच्या खोलीतून जाणार, आणि मी यशपालच्या कोपऱ्यात. पाण्याची घागर फुटल्यावर प्रत्येक तडा आधीपासूनच दिसत होता असं वाटतं, तसं त्यांना वाटलं.

दुपारची वेळ होती. चंद्रिका जेवायला म्हणून घरी गेली होती. वच्छलाबाई तिथूनच तिच्या खोलीकडं वळल्या. तिला आपल्या घरी बोलावून विचारायचं नव्हतं. तिच्याच दारात, तिच्या भरल्या ताटावर धरायचं होतं.

म्हैस कुठंच नव्हती. लांबट बोळाच्या शेवटी खोली, दार अर्धं उघडं. चंद्रिका दाराकडं पाठ करून बसली होती. वच्छलाबाई बाजूला सरकल्या, तेव्हा त्यांना तिचा चेहरा दिसला, पदराशिवाय.

पुढ्यात वाडगं होतं. त्यात सकाळच्या मोडक्या भाकरीचे तुकडे ताकात भिजून लगदा झाले होते. त्यातला बोराएवढा घास ती घ्यायची, बोटावर चपटा करायची, आणि दातांच्या फटीतून आत सरकवायची. तोंड बोटभरसुद्धा उघडत नव्हतं. निम्मा घास आत जायचा, निम्मा हनुवटीवरून मांडीवरच्या फडक्यावर पडायचा. तो ती गोळा करायची आणि पुन्हा सरकवायची. घाई नव्हती. रोजचं काम करावं तसं ती जेवत होती.

वच्छलाबाई उभ्या राहिल्या. मुठीतल्या लेबलाचा गोंद तळव्याला चिकटला होता. आपण खोकावं की निघून जावं, हे त्यांना ठरवता आलं नाही. मग चंद्रिकानंच मान वळवली. तिनं घाईनं पदर तोंडावर घेतला आणि वाडगं पाटाखाली सारायला लागली.

"राहू दे," वच्छलाबाई म्हणाल्या. त्या उंबऱ्यावर बसल्या. "कवापास्नं?"

चंद्रिकानं पदरानं हनुवटी पुसली. "दोन वर्सं झाली. पॅकिंगला रातपाळी असायची. झोप येऊ नये म्हणून सगळ्याजणी तंबाखू-सुपारीचा मावा खायच्या. मी बी खायची. मग तोंड आखडत गेलं. तिखट लागलं की आग. आता घास जाईना."

"दवाखान्यात दाखवलंस?"

"न्हाय. काय सांगतेल ते ठाऊक हाय की."

"मला का न्हाय बोललीस?"

"बोलले असते तर ठेवली असती मला?" चंद्रिका पदराआडून म्हणाली. "तोंडाचा रोग असलेल्या बाईच्या हातची भाकरी कोण खाईल आक्का?"

हे वाक्य वच्छलाबाईंनी आयुष्यभर ऐकलं होतं. मधले दोन-चार शब्द तेवढे वेगळे असायचे.

"कुंभार वेशीत बारा वाजता सगळ्या गोल करून बसतेत," चंद्रिका पुढं म्हणाली. "पयल्याच दिवशी कळलं असतं. तुमी एकट्या हाय म्हणून तुमच्याकडं आले. वाटलं, एका माणसापासनं लपवता येईल."

"मी काय समजले ठाऊक हाय का तुला?"

"व्हय. ताट नवं आणलं तवा कळलं." तिनं वाडग्यावर फडकं टाकलं. "तरी बी सांगता आलं न्हाय."

वच्छलाबाईंनी मूठ उघडून लेबल तिच्यापुढं धरलं. चंद्रिकानं ते सावकाश वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. निदान वच्छलाबाईंना तरी तो उतरल्यासारखा वाटला.

"मला न्हाय विचारलं त्यांनी. माजं नाव नको आक्का. लोकं विचारतील, कोण चंद्रिका, कुटं असते. कुणीतरी बघायला येईल."

"खरं बोलतीस?"

"आता अजून काय लपवू?"

वाटेनं परत येताना वच्छलाबाई दोन्ही बाजूंनी विचार करत होत्या. तोंडाचं खरं होतं, ते डोळ्यांनी बघितलं होतं. लेबलाचं खरं असेलच असं नाही. पण समजा ते खोटं असलं, तर नाव बदलायला ही कशाला तयार होईल? आणि तयार झाली नाही, तर तेही लगेच कळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चंद्रिकाला सोबत घेऊनच दुकानात गेल्या.

"नाव वच्छला लावा," त्या म्हणाल्या. "आणि पत्ता माज्या घरचा. पेठेसकट."

वीरभद्रप्पांनी चंद्रिकाकडं बघितलं. चंद्रिकानं मान हलवली. "माजं नाव नगं आप्पा."

"छापलेली सगळी वाया जातील की. नाव बदलतो हवं तर. पेठ कशाला पाहिजे?"

"पेठ बी पाहिजे."

"न्हाय चाललं तर?"

"न्हाय चाललं तर मी पुण्याला जाईन. तुमाला बोल लावणार न्हाय." वच्छलाबाईंनी काल आणलेली पाकिटं पुन्हा पिशवीत भरायला घेतली. "न्हाय जमत तर दुसरीकडनं घ्या."

चंद्रिकानं पिशवीचं तोंड उघडून धरलं. गड्डा तीन दिवसांवर होता. वीरभद्रप्पांनी एकदा रस्त्याकडं बघितलं, एकदा पिशवीकडं, आणि छापखान्याला फोन लावला.

त्या दिवशीपासून दुपारी वच्छलाबाई दार ओढून घ्यायला लागल्या. नागूबाईंना सांगितलं, धूर जातोय तुमच्याकडं. आत चंद्रिका भिंतीकडं तोंड करून बसायची. पहिल्या दिवशी तिला एक घास घ्यायला फार वेळ लागला. वच्छलाबाईंनी तिच्याकडं बघितलं नाही. त्या आपलं जेवल्या आणि उठून थापायला बसल्या.

गड्ड्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघी यात्रा भरते त्या होम मैदानावर गेल्या. स्टॉलवर गेल्या नाहीत. समोरच्या बांगड्यांच्या दुकानाआड उभ्या राहिल्या. पाळण्यांचे दिवे, भोंग्यांचा गलका, तळलेल्या भज्यांचा वास, आणि धुळीतून वाहणारी माणसं. वीरभद्रप्पांच्या स्टॉलवर चटणीच्या बरण्या पुढं होत्या. भाकरीची पाकिटं मागं, कोपऱ्यात.

"मागं ठेवलीत," वच्छलाबाई म्हणाल्या. "मुद्दाम."

"बरण्या जड असतेत. पुढं ठेवाव्या लागतेत."

"तू त्याच्या गावची. तू असंच म्हणणार."

त्या तरातरा गेल्या. वीरभद्रप्पा गिऱ्हाइकात होते. वच्छलाबाईंनी बरण्या एका बाजूला सारल्या, पाकिटं पुढं मांडली आणि काही न बोलता परत येऊन उभ्या राहिल्या.

एका बाईनं पाकीट उचललं. उलटं केलं. दिव्याच्या उजेडात धरून वाचलं. आणि ठेवून दिलं.

वच्छलाबाईंनी चंद्रिकाचा दंड धरला. "बघितलंस? पत्ता वाचला तिनं."

"आक्का, ती किंमत शोधत असंल. डोळं बारीक केलं तिनं. चष्मा न्हाय तिला."

"तुला लई दिसतंय."

एका बाप्यानं न वाचताच दोन घेतली. एका पोरीनं वाचलं, आईला दाखवलं, आणि घेतलं. एका म्हाताऱ्यानं वाचलं, वीरभद्रप्पांना काहीतरी विचारलं, वीरभद्रप्पांनी हात हलवून काहीतरी सांगितलं, आणि तो चटणी घेऊन गेला. काय विचारलं, काय सांगितलं, हे पाळण्याच्या आवाजात कळलं नाही. वच्छलाबाई प्रत्येकाच्या बोटांकडं बघत होत्या. पाकीट खाली ठेवणाऱ्या हाताच्या मनात काय आहे ते त्या हातावर लिहिलेलं नसतं. आयुष्यभर त्यांनी ते वाचायचा प्रयत्न केला होता. त्या रात्रीही केला, स्टॉलचे दिवे लागलेले होते तोवर.

गड्डा उठल्यावर साठेक पाकिटं परत आली.

"मागच्या बाईची किती उरायची?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"कदी उरायची, कदी न्हाय," वीरभद्रप्पा म्हणाले. "आठवड्याला चाळीस देत जावा. लेबल असूद्या तसंच."

चाळीस म्हणजे दोघींचं जेमतेम. पाकिटं एवढी कमी का, हे कळायला मार्ग नव्हता. वच्छलाबाईंनी त्या रात्री यशपालला फोन केला.

"आई, चाळीस पाकिटांत काय होतंय? आणि उद्या त्यांनी बंद केलं तर?"

"बंद केलं तर मोडनिंबच्या हायवेवर ढाबे हाईत. बार्शीत दुकानं हाईत. बघीन की." मग त्या म्हणाल्या, "तू ये. प्रतीक्षाला घिऊन ये. न्यायला नगं, जेवायला ये."

महिना संपायच्या आत त्यांनी चंद्रिकाला सरकारी दवाखान्यात नेलं. ती दोनदा वाटेतून परत फिरली, दोनदा त्यांनी तिला मनगट धरून ओढलं. दातांचा डॉक्टर पोरगेलासा होता. त्यानं बघितलं, तोंडातला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला, आठवड्यानं बोलावलं. आठवड्यानं म्हणाला की आज तरी कॅन्सर नाही. पण मावा पुन्हा तोंडाला लावायचा नाही, दर दोन महिन्यांनी दाखवायचं, आणि तोंड उघडावं म्हणून आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या. जमेल तशी एकेक वाढवायची.

"आज तरी म्हंजे?" वच्छलाबाईंनी विचारलं. "आमच्यापासनं काय लपवत तर न्हाय ना तुमी?"

डॉक्टरनं त्यांना रिपोर्ट वाचून दाखवला. तरी त्यांनी तो बाहेर येऊन औषधवाल्याकडूनही वाचून घेतला.

नागूबाईंना आता सगळं कळलं होतं. त्या म्हणाल्या की मला आधी सांगितलं असतं तर सात उपासांचं पाप माझ्या तोंडून गेलं नसतं. गल्लीत कुल्फीवाला आला की त्या ओट्यावर येऊन बसतात आणि पोरांना काड्या फेकू देत नाहीत. चंद्रिकाच्या दातांत तीन काड्या जायला लागल्या तेव्हा फेब्रुवारी सरत आला होता. ती अजून भिंतीकडंच तोंड करून जेवते, पण आता मध्येच वळून मीठ मागते.

परवा आठवड्याची पाकिटं भरून झाली. चंद्रिकानं पिशवी खांद्याला लावली आणि दाराशी जाऊन चप्पल घातली. वच्छलाबाई परात खरवडत होत्या. त्यांनी मान वर न करताच तिला हाक मारली.

"त्या आप्पाला तुज्यासमोर मोजून घ्यायला लाव. आणि निघून येऊ नको लगी. जरा कोपऱ्यावर थांब, आणि पुढं मांडतोय का मागं, ते बघून ये."